कोळशाच्या गाडीचा स्टाफ

१ जानेवारी १९४४, शनिवार. सकाळ.

आजपासून रोज डायरी. ही कोणी वाचायची नाही. तरी अक्षर नीट काढणार.

गाडी दारात उभी आहे. वीस सीटची, थोडी वापरलेली. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही म्हणून मागच्या बाजूला कोळशाची भट्टी बसवून घेतली आहे. कोळसा पेटवायचा, त्याचा गॅस इंजिनात जातो, गाडी चालते. पुण्या-मुंबईच्या बड्या बड्या गाड्या हल्ली अशाच चालतात. आई म्हणते, आपलं खालचं शेत गेलं. मी म्हणतो, गेलं नाही, त्याची गाडी झाली. आईला बिझनेस कळत नाही.

बोर्ड स्वतः रंगवला. 'सह्याद्री मोटर सर्व्हिस. कर्जत–खालापूर–कुंभिवली. प्रोप्रायटर सहदेव बा. ठोंबरे.' प्रोप्रायटरला जागा जास्त लागली, त्यामुळे कुंभिवली बारीक आली.

कुंभिवली म्हणजे माझी सासुरवाडी. विमल दिवाळीला चार दिवसांसाठी माहेरी गेली ती अजून तिथेच आहे. हवा मानवली असावी. सासरे आबाजी यांचा निरोप आहे की 'जावईबापूंचा येक तरी धंदा धड चालू द्या, मंग पोरीला धाडतो.' सोडावॉटरचा कारखाना आणि भाड्याच्या छत्र्या हे दोन्ही धंदे मी स्वतः बंद केले. ते बंद पडले नव्हते. पण जुन्या माणसांना हा फरक समजावत कोण बसणार!

संकल्प : विमलला माझ्याच गाडीतून, मी स्वतः जाऊन, घरी आणायचं. पावसाच्या आत.

३ जानेवारी

मागे बोरीबंदरच्या फुटपाथवर एक इंग्रजी पुस्तक घेतलं होतं, ते आज काढलं. कव्हर नाही, पहिली बरीच पानं नाहीत, शेवट वाळवीने खाल्लेला. मधलं मात्र शाबूत आहे. त्यात म्हटलंय की धंद्यात यंत्र दुय्यम, माणूस मुख्य. योग्य माणसं जमवली की मालकाला फक्त देखरेख उरते. हेच मला लहानपणापासून वाटत आलं आहे. लेखक कोण ते कळत नाही, पण गृहस्थ पुष्कळसा माझ्यासारखा असावा.

५ जानेवारी. संध्याकाळ.

अंगणात टेबल-खुर्ची मांडून इंटरव्ह्यू घेतले. दोन उमेदवार.

पहिला नामा. मिलिटरीच्या लॉऱ्यांवर होता, गाडी चालवतो. पुस्तकातला प्रश्न विचारला, तुझ्या आयुष्याचं ध्येय काय? त्याने बराच विचार केला आणि मलाच विचारलं की, 'सायेब, गाडीला बिरेक हायेत ना?' प्रश्नाला प्रश्न! शिस्त शून्य. पण गाडी चालवता येणारा दुसरा कोणी आला नाही, म्हणून घेतला.

दुसरा कमळ्या, ठाकुरवाडीचा. भट्टीसाठी. त्याला विचारलं, तुझ्यातला सगळ्यात मोठा दोष कोणता? तो पोट धरधरून हसला. मग म्हणाला, 'आन् तुजा रं?' ठाकूर लोक मामलेदारालासुद्धा अरे-तुरे करतात, म्हणून मनावर घेतलं नाही. तात्पुरता ठेवला आहे. योग्य माणूस मिळेपर्यंत.

९ जानेवारी, रविवार

सर्व्हिसचा पहिला दिवस. पहाटेपासून पित्त खवळलं. जाता आलं नाही. नामा आणि कमळ्या दोघेच गाडी घेऊन गेले. कुंभिवलीपर्यंत जाऊन वेळेवर परत आले. जाताना भरलेली, येताना भरलेली. टपावर कोंबड्या. नामा सांगत होता, कुंभिवलीला वहिनींनी पाणी दिलं आणि विचारलं की 'सायेब गाडीत हायेत का?' नाहीत म्हटल्यावर हसल्या.

बिचारी! हसून दुःख लपवते.

बाकी दोनच माणसांवर केवढा ताण पडला असेल. स्टाफ वाढवलाच पाहिजे.

१२ जानेवारी

आज स्वतः गेलो. गाडीत ऑफिस हवं, म्हणून घरचं सागवानी टेबल आत बसवलं. चार सीटा काढाव्या लागल्या. आईची साडी टेबलक्लॉथ म्हणून घातली. (आईला अजून कळलेलं नाही.)

निघण्यापूर्वी प्रवाशांपुढे सर्व्हिसच्या धोरणावर थोडं बोललो. तेवढ्यात भट्टी निवली. पुन्हा पेटवली. निघालो. वडाच्या चढणीवर गाडीने दम टाकला. सगळे उतरून ढकलू लागले. मी उतरलो नाही. कोणीतरी आत राहून परिस्थितीवर नजर ठेवायला हवी. इंजिनाने एकदा धरलं की चढणीवर गाडी थांबवता येत नाही, थांबली की पुन्हा मेली. त्यामुळे ढकलणाऱ्यांनी पळत येऊन चढायचं असतं. दोन म्हातारे राहिले. एकाचं बोचकं गाडीतच होतं.

खालापूरला पोचेपर्यंत उशीर झाला. तिथूनच परत फिरलो. कुंभिवली राहिली. विमल वाट पाहून थकली असेल.

दोष कुठे आहे ते लक्षात आलं. कंडक्टर नाही.

१८ जानेवारी

कंडक्टर नेमला. नागू, माझा सख्खा चुलतभाऊ. बोलका, देखणा, पंचक्रोशीत ओळख. पुस्तकात म्हटलंय की गिऱ्हाइकाशी जिव्हाळ्याने वागणारा माणूस शोधा. नागूइतका जिव्हाळा मी कोणात पाहिला नाही.

२५ जानेवारी

जिव्हाळा जास्त होतोय. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस नागूचा मामा, आत्या, नाहीतर मेहुणा निघतो, आणि नात्यातल्या माणसाकडे तिकीट मागायचं म्हणजे नागूच्या जिवावर येतं. परवा तर एका बाईला तिकीट न घेता वर शेंगाही दिल्या. शेंगा दुसऱ्या प्रवाशाच्या होत्या.

नागूला काढणं योग्य नाही. काकी घरी येऊन रडेल. उपाय : नागूवर चेकर. गाडीला दोन दिवस गेलो नाही, दाढ दुखत होती. दोन्ही दिवस गाडी कुंभिवलीपर्यंत जाऊन आली. माझ्या शिस्तीचा परिणाम जरा उशिराने दिसतो, पण दिसतो.

३० जानेवारी

चेकर नेमला, धोंडी. राकट, अबोल, मिशा कानापर्यंत. नुसता उभा राहिला तरी माणूस तिकीट काढील.

३ फेब्रुवारी

धोंडीची बहीण नागूला दिलेली निघाली! हे मला आधी कोणी सांगितलं नाही. लग्नाला मी होतो, पण जेवून लगेच निघालो होतो.

धोंडीला विचारलं, नागूला जाब का विचारत नाहीस? त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, 'सायेब, बहीण दिलीया त्यांच्या घरात. जावयाला कसं इचारू? घरी जाऊन तिला बोलणी बसतील.' उलट नागू आला की धोंडी उठून त्याला जागा देतो. नागू बसतो. मग दोघे पान खातात. आता गाडीत कंडक्टर बसलेला आणि चेकर उभा, असं दृश्य असतं.

आज मी गाडीत होतो. खालापूरच्या अलीकडूनच परतलो.

नवीन विचार : चेकरवर मॅनेजर. नात्याबाहेरचा हवा.

८ फेब्रुवारी, मंगळवार

मिळाला! जयवंता. माथेरानच्या मोठ्या हॉटेलात दहा वर्षं साहेब लोकांना वाढलेला माणूस. 'गुड मॉर्निंग सर' असं काही म्हणतो की वाटतं आपण गादीवर बसलोय. मी त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. बाहेरचा असल्यामुळे त्याचं कोणाशीच नातं नाही. योग्य माणूस!

१४ फेब्रुवारी

जयवंताने स्टाफला युनिफॉर्म शिवले. हॉटेलचे जुने पडदे होते, त्यांचे कोट. मोठी मोठी फुलं आहेत, पण लांबून मिलिटरी वाटतं. नामाने कोट घातला. कमळ्याने घातला आणि भट्टीवर वाकताच बाही पेटली. तो उघडाच बरा म्हणाला. धोंडी फुलांच्या कोटात मिशांसकट फार दुःखी दिसतो.

शिवाय रिसेप्शन सुरू केलं आहे. प्रवाशाने थेट गाडीत घुसायचं नाही. जयवंता वाकून स्वागत करणार, नाव विचारणार, हाताला धरून जागेवर नेणार. नेरळकडची एक म्हातारी या स्वागताला घाबरून घरी परत गेली. लोकांना सवय होईल.

आता गाडीत नामा, नागू, धोंडी, जयवंता, मी आणि टेबल. प्रवाशांना जागा थोडी कमी पडते. याचाच अर्थ धंदा वाढतोय.

२० फेब्रुवारी

कमळ्याबद्दल गंभीर तक्रार. (तक्रार माझीच.) भट्टीच्या निखाऱ्यात करांदे, म्हणजे रानातले कंद, भाजतो आणि केळीच्या पानावर प्रवाशांना वाटतो. गाडीभर वास. लोक आज गाडीत बसण्याऐवजी मागे भट्टीपाशी गोळा झाले आणि मी बोलत असताना कोणीही ऐकत नव्हतं. कमळ्याला म्हटलं, ही मोटर सर्व्हिस आहे, खानावळ नाही. उद्यापासून करांदे बंद. तो म्हणाला, 'बरं दादा,' आणि एक माझ्या हातावर ठेवला.

चांगला होता. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

२३ फेब्रुवारी

करांदे बंद केल्यापासून प्रवासी घटले. योगायोग.

२६ फेब्रुवारी. अंथरुणातून.

थंडी-ताप. चार दिवस घरी. माझ्या गैरहजेरीत टेबल टपावर चढवलेलं असतं असं आईच्या कानावर आलं. आई ओट्यावरून गाडी बघते. म्हणाली, 'सहदेवा, तू ताप काढलास तवाच्यान गाडी कशी भरून जाते रं!' मी म्हटलं, आई, गाडी भरून जाते कारण मी पाया घातला. ती काढ्याचं भांडं ठेवून गेली.

विमल रोज नामाला तोच प्रश्न विचारते. नामा म्हणतो, 'सायेब नायत म्हनलं की वहिनींना बरं वाटतं.' हा नामा बोलण्यात अगदी अडाणी आहे. त्याला म्हणायचंय, 'साहेबांना बरं नाही.'

९ मार्च, शिमगा

आज गाडीत होतो. वाडी-वाडीला पोरं रस्त्यावर दोर बांधून उभी. शिमग्याच्या पोस्ताचे पैसे द्या, मगच गाडी सोडू. बोंबा, ढोल, शेण, सगळं. पहिल्या वाडीला मी टेबलावर उभा राहून त्यांना सांगितलं की ही गॅसची गाडी आहे, थांबली की निवते, देशाचं नुकसान आहे. त्यांनी माझ्या नावाने बोंब मारली. नाव बरोबर घेतलं, म्हणजे सर्व्हिसची जाहिरात होते आहे.

दुसऱ्या वाडीला दोर दिसताच नागू उतरला, समजूत घालतो म्हणाला. बघतो तर दोराचं एक टोक नागूच्या हातात! ती त्याच्या आजोळची वाडी. मग धोंडी उतरला, कारण जावई एकटा कसा नाचेल. मग नामा. कमळ्या तर आधीच ढोल वाजवत होता. माझाच स्टाफ माझीच गाडी अडवून माझ्याकडे पोस्त मागत होता! जयवंता तेवढा आत राहिला. त्याने मला विचारलं, 'सर, चहा की कॉफी?' गाडीत दोन्ही नव्हतं.

गाडी तिथेच संध्याकाळपर्यंत. तोंडाला काळं फासून घेऊन परत.

रात्री विचार केला. एवढे सगळे एका मनाने एका बाजूला उभे राहिले. पुस्तकात यालाच टीम स्पिरिट म्हटलंय. ते तयार झालं आहे. आता फक्त बाजू बदलायची.

२८ मार्च

मोठा दिवस. आबाजी कर्जतच्या बाजाराला आले होते. परतताना म्हणाले, 'बगू तरी जावयाची गाडी.' मी स्वतः आज येणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला, बहुधा उन्हामुळे.

जयवंताने त्यांचं स्वागत केलं. नाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, थोडा वेळ उन्हात उभं केलं, मग हाताला धरून टेबलाशेजारी बसवलं. मी त्यांना स्टाफची रचना समजावून सांगितली. कोण कोणावर, तो कोणावर, सगळं. त्यांनी विचारलं, 'आन् गाडी कोन चालीवतं?' मी म्हटलं, तो सगळ्यात खालचा भाग.

वडाच्या चढणीवर गाडी थांबली. जयवंता ढकलत नाही, कोट खराब होतो. नागू ढकलत नाही आणि नागू बसला असताना धोंडीला त्याला ऊठ म्हणवत नाही. मला नजर ठेवायची असते. एवढ्यात आबाजीच उतरले. साठीचा माणूस, पण काय ताकद! असा धक्का दिला की इंजिनाने चटकन धरलं. गाडी निघाली. आबाजी मागे राहिले.

मी ओरडलो, थांबव! नामा म्हणाला, 'आता थांबवली तर समद्यांनाच हितं ऱ्हावं लागंल, सायेब.' खिडकीतून मी सासऱ्यांना नमस्कार केला. त्यांनीही हात वर केला. हातात वहाण होती. ढकलताना तुटली असावी.

धंदा आतून कसा चालतो ते त्यांनी पाहिलं हे बरं झालं.

१२ एप्रिल

नामाने कुंभिवलीहून निरोप आणला. हसत नव्हता.

आबाजी म्हणतात की 'आखितीला मूळ धाडा. घरचा मानूस न्यायला आला पायजे, रिवाज म्हंजे रिवाज. दिसभर वाट बगू. मूळ आलं तर पोर येईल. नाय आलं तर मंग परत कदी येऊ नका, तिचं आमी बगू.'

दोनदा सांगायला लावलं. तेच.

आई जेवली नाही. मलाही जेवण गेलं नाही. विमल घरात असताना ती माझ्या बोलण्याकडे फार लक्ष देत नसे, तरी ती आहे एवढं माहीत असायचं. आता बोलताना मध्येच गप्प व्हायला होतं. कोणाला सांगू शकत नाही. स्टाफपुढे तर नाहीच.

१३ एप्रिल

पण घाबरायचं कारण काय? गाडी आहे. माणसं आहेत. इतकी माणसं खालापूर तालुक्यात कोणाच्या पदरी नाहीत. अक्षय्यतृतीयेला मी स्वतः सगळ्या स्टाफसकट कुंभिवलीत शिरणार. आबाजी बघत राहतील.

नामा भीत भीत म्हणाला, 'सायेब, तुमी नाय आला तरी चालंल. आमी आनतो वहिनींना.' निष्ठा म्हणतात ती ही! पण मालकाशिवाय गाडी पोचेल कशी?

आई म्हणाली, 'नामाचं ऐक.' आई हल्ली स्टाफमध्ये लुडबुड करते.

२४ एप्रिल, सोमवार

उद्या. गाडी धुतली. आंब्याचे डहाळे बांधले. टेबल पुन्हा खाली घेतलं. भाषणाची तयारी झाली. दोन पानांचं आहे, लांबत नाही. कोट धुऊन वाळत घातले आहेत, अंगणात बाग फुलल्यासारखं दिसतंय. कमळ्याला खास सवलत म्हणून करांद्यांची परवानगी दिली. तो म्हणाला, आता हंगाम संपला.

झोप येत नाही. विमलला पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरवतोय. 'कशी आहेस?' हे फार साधं वाटतं.

२५ एप्रिल, अक्षय्यतृतीया. घरी आल्यावर. पाय शेकत.

जसं झालं तसं लिहितो.

भाषण झालं. भट्टी निवली. पुन्हा पेटवली. उन्हं वर आली तेव्हा निघालो. वडाच्या चढणीवर, नेहमीप्रमाणे.

आज मी स्वतः उतरलो. आबाजींच्या प्रकारानंतर मालकाने उदाहरण घालून दिलं पाहिजे असं मनात आलं होतं. सगळ्यांना उतरवलं. जयवंतालाही, कोटासकट. नागूही उतरला, त्यामुळे धोंडीही मोकळा झाला. मी मागे मधोमध उभा राहिलो आणि सांगितलं, मी वन टू थ्री म्हणेन, थ्रीला जोर लावायचा. कोणी थ्रीची वाट पाहिली नाही. टूलाच इंजिनाने धरलं. रोजची सवय असल्यामुळे सगळे पटापट पळाले, उड्या मारून चढले, प्रवासीसुद्धा, एक लेकुरवाळी बाईसुद्धा. मी थ्री म्हटलं तेव्हा समोर गाडी नव्हती. धूर होता.

पळालो. ओरडलो. जयवंता मागच्या दारातून दोन्ही हात पुढे करून 'सर, सर' म्हणत होता. गाडी वळणाआड गेली.

मग चालू लागलो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. डोक्यात एकच, दिवस जाईल आणि आबाजी दार लावून घेतील. दोन वेळा रडू आलं. रस्त्यावर कोणी नव्हतं म्हणून येऊ दिलं.

बराच चालल्यावर समोरून आवाज आला. आमचीच गाडी! उतारावरून अशी येत होती की मी तिला असं येताना कधी पाहिलंच नव्हतं. टपावर माणसं, पायरीवर माणसं, कमळ्या मागे उभा राहून गातोय. आणि पुढे खिडकीपाशी विमल. हिरवं लुगडं. नंतर कळलं, नागू मूळ म्हणून गेला होता, चुलत का होईना, दीर तो, घरचा माणूस. आबाजींनी त्याला जेवू घालून लेक त्याच्याबरोबर धाडली.

मी रस्त्याच्या मध्ये हात पसरून उभा राहिलो. नामाने भोंगा वाजवला. वाजवतच राहिला. मी गटारात उडी घेतली. गाडी शेजारून गेली तशी विमल बाहेर वाकली आणि म्हणाली, 'सावकास या वो, घाई नाय.'

सहा महिन्यांनी तिचा आवाज ऐकला. गटारात उभा होतो, पण फार फार बरं वाटलं.

मग मागे फिरलो आणि घरापर्यंत चालत आलो.

२६ एप्रिल

विमल घरात आहे. सकाळी उठलो तर चुलीपाशी होती, जणू कधी गेलीच नव्हती. 'कशी आहेस?' म्हटलं. ती म्हणाली, 'हाय बरी. तोंड धुवा.'

दुपारी जेवताना ती स्वतःहून गाडीबद्दल बोलली. मला आनंद झाला. म्हणाली की तिने कुंभिवलीत बसून चार महिने गाडी बघितली आहे, कधी येते, कधी येत नाही, सगळं. 'धंदा चांगला हाय. मानसं पन चांगली हायेत. फक्त एक मानूस जास्त हाय. तेवढा कमी करा, मी ऱ्हाते. नाय केला तर बाबांना सांगून आलेय, नामा उद्याच मला परत सोडील.'

तिला धंद्यातलं एवढं कळतं हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, बरोबर, माझ्याही मनात हेच होतं, जयवंता ना? ती म्हणाली, 'त्यो नको. म्हाताऱ्यांना हाताला धरून उतरवतो, त्यांना बरं वाटतं.' मग धोंडी? 'त्यो ढकलतो, वझी उचलतो.' नागू? नात्याचा असला तरी मी कठोर होऊ शकतो असं मी सांगितलं. ती म्हणाली, 'भावजींना बगून तर मानसं गाडीत बसतात. तिकिटाचं मी बगते, काकींच्या कानावर घातलंय.' कमळ्या? ती नुसती हसली. नामा? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच नाव मागे घेतलं.

मग नावं संपली.

मी टेबल म्हणणार होतो, पण टेबल माणूस नाही.

आई चुलीकडे तोंड करून बसली होती, तिचे खांदे हलत होते. मी विचारलं, मग कोण? विमलने माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, आणि हळू आवाजात म्हणाली की 'मला हितं ऱ्हायचंय वो.'

मी ती भाकरी खाल्ली.

२७ एप्रिल, गुरुवार

गाडी गेली. वेळेवर. भरून.

मी ओट्यावर उभा होतो. नामाने भोंगा वाजवला. जयवंताने 'गुड मॉर्निंग सर' म्हटलं, पण गाडी चालू असल्यामुळे 'सर' वडापलीकडून आलं. विमल दारात येऊन बघून गेली, मी मागेच राहिलोय ना ते.

आईने चिंचांचा ढीग पुढ्यात आणून ओतला. फोडायच्या आहेत. मी ढिगाकडे नीट पाहिलं आणि विमलला समजावून सांगितलं की हे एका माणसाचं काम नव्हे. एक फोडायला, एक चिंचोके काढायला, एक मीठ लावायला, आणि या सगळ्यांवर एक.

ती म्हणाली, 'घरात रिकामा येकच हाय. त्यालाच बसवलाय.'

फोडतोय.